कुलपांचं वाण

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा रडला नाही. मी दहा वर्षांची होते आणि भाऊ पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं देवाच्या मागं लागले होते, त्यामुळे मला त्याचा रागच आला. इतकी वाट बघायला लावून आलास, तर निदान रड तरी! पण तो दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात नुसता पडून होता. हात उचलून सोडला की थपकन खाली पडायचा. आईला दूध भरपूर होतं, पण ओढायची ताकद त्याच्या ओठांत नव्हती. आई आधी कापसाच्या बोळ्यानं, मग चमच्यानं, मग बोंडल्यानं त्याच्या घशात दूध उतरवायची. एका वेळचं दूध पाजायला तास जायचा, आणि जरा पाठ टेकावी म्हटलं तर पुढची वेळ झालेली असायची. अव्वा, म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची आई, दारातून बघायची आणि म्हणायची, "ह्याला भूकच न्हाय की गं. असलं कसलं प्वार म्हणायचं?"

दोन वर्षं आमच्या घरात त्याच्या भुकेसाठी नवस चालले होते. सिद्धेश्वराला अभिषेक झाले, स्वामींकडून विभूती आली, कुणी सांगितलं म्हणून वेखंडही उगाळून झालं. आणि एके दिवशी, नुकताच धरून धरून चालायला लागला होता तेव्हा, त्यानं आप्पांच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घातला. मग दुसरा घातला. मग तिसऱ्यासाठी हात पुढं केला. आई चुलीपुढं बसून ढसाढसा रडली आणि आप्पांनी संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. आम्ही ज्या गोष्टीचे पेढे वाटले तीच पुढं आमच्या मानगुटीवर बसणार होती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

त्यानंतर तो थांबलाच नाही. चार वर्षांचा होईतो त्याचे गाल, मांड्या, पोट असं भरलं की माझ्या कडेवर मावेना. आता दुसऱ्या गावात कुणाला तरी शंका आली असती. पण आम्ही पडलो कोल्हापूरचे. आमच्याकडं जाडजूड पोराला बघून कुणी काळजी करत नाही. आमच्याकडं म्हणतात, "पैलवान झाला की!" गल्लीनं त्याचं खरं नाव टाकून दिलं आणि तो सगळ्यांचा पैलवान झाला. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर गवळी म्हशी आणून बांधायचे आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचे. तिथं तालमीतली तयार पोरं उभी राहून दूध प्यायची आणि त्यांच्या मधोमध माझा भाऊ. एक पेला संपला की दुसरा पुढं. आप्पांची छाती फुगायची. आप्पा मार्केट यार्डात गुळाची प्रत पारखायचे. दिवसभर ढेपा फोडून, चाखून, चोळून बघायच्या, हे त्यांचं काम. स्वतः काटकुळे होते आणि तरुणपणी तालमीत दोन महिन्यांत हात मोडून घेऊन परत आले होते. आता पोरगा आपलं राहिलेलं पुरं करणार, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं.

फक्त मला एक गोष्ट खुपायची. आप्पा यार्डातून आले की तो धावत जाऊन त्यांना बिलगायचा आणि सगळे म्हणायचे, बघा कशी माया आहे. मी जवळून बघितलं होतं. तो त्यांच्या सदऱ्याची बाही चोखत असायचा. बाहीला गूळ लागलेला असायचा. मी आईला सांगितलं तर आईनं मला गप्प केलं आणि बराच वेळ भांडी घासत बसली. त्यानंतर आप्पा परसात सदरा बदलूनच घरात यायला लागले. आई त्यांना काय म्हणाली होती कुणास ठाऊक.

सहाव्या वर्षी आप्पा त्याला तालमीत घेऊन गेले. मी पायरीवरूनच बघत होते, कारण आत मुलींनी जायचं नाही. वस्ताद म्हातारे होते, कान दोन्ही चुरगळलेले. त्यांनी भावाला तांबड्या मातीत उभा केला, दंड दाबला, पोटरी दाबली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन बराच वेळ बघितले. त्याचे हात खरंच एवढ्या मोठ्या अंगाला शोभत नव्हते, लहान बाहुलीचे असावेत तसे होते. मग वस्ताद खाली बसले आणि म्हणाले, "बाळ, उठाबशा काढ." त्यानं दोन काढल्या आणि तिसरीला तो मातीत बसला तो उठेनाच. कुणीतरी हसलं. वस्तादांनी त्याच्याकडं असं बघितलं की हसू तिथंच विरलं.

"आप्पा, राग मानू नगा," वस्ताद बाहेर येऊन म्हणाले. "म्या आजवर पोरांची हाडंच बघत आलोय. ह्ये अंग कमावल्यालं न्हाय. आत काय तरी कमी पडतंय. डाक्टरला दावा."

आप्पांनी राग मानला. पण माझ्या भावाचा आजार सगळ्यात आधी ओळखला तो मातीतल्या त्या माणसानं, हे मी आजही कुणापुढंही सांगते.

डॉक्टर पुष्कळ झाले. कुणी म्हणाले गोड बंद करा, कुणी म्हणाले थायरॉइड बघा, एकानं तर आईलाच झापलं, "तुम्ही खायला घालता म्हणून तो खातो." आई मान खाली घालून ऐकून घ्यायची. घरी अव्वा वेगळंच म्हणायची. आईचं माहेर कोडोलीचं आणि माझे दोन्ही मामा अंगानं चांगले दणकट. "ते कोडोलीचं रगात हाय. तिकडची समदी तसलीच," असं अव्वा भाकरी थापता थापता, आईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायची. गल्लीत तर दोन तट पडले. निम्म्या बायका म्हणायच्या, आईनं लाडानं फुगवला. उरलेल्या म्हणायच्या, आई पोटाला घालत नाही म्हणून दारोदार मागत फिरतो. कारण तो खरंच मागत फिरायचा. कुणाच्याही उंबऱ्यात जाऊन उभा राहायचा, बदामासारखे डोळे करून बघायचा आणि आमच्याकडं दारात आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय कोण पाठवतं? एकदा तो कट्ट्यावर म्हशीच्या पाटीतली सरकीची पेंड मुठीनं खाताना सापडला. मी त्याला ओढत घरी आणलं आणि रागाच्या भरात पाठीत दोन धपाटे घातले. तो रडला नाही, तोंडातलं चावत राहिला. त्या दिवशी रात्री मलाच जेवण गेलं नाही.

तो नऊ वर्षांचा झाला तेव्हा शहरात एक तरुण बालरोगतज्ज्ञ आले. त्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या आत्ताच्या खाण्याबद्दल नव्हताच. त्यांनी विचारलं, "जन्मला तेव्हा दूध ओढत होता का?" आई एकदम ताठ बसली. नऊ वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. कागद आला तो इंग्रजीत, म्हणून आईआप्पांबरोबर मीही गेले. कॉलेजात शास्त्र शाखेला होते आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

आजाराला परदेशी डॉक्टरांची नावं होती, ती आप्पांना शेवटपर्यंत उच्चारता आली नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं दोन उभ्या रेघा काढल्या. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं, ही पंधरावी जोडी, असं म्हणून त्यांनी एका रेघेचा थोडा भाग खोडला. बहुतेक ठिकाणी एकाचं बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. पण इथं काही जनुकं अशी आहेत की आईकडून येणारी प्रत सगळ्याच माणसांत बंद असते. काम करायचं ते वडिलांकडच्या प्रतीनं. आणि ह्याच्यात नेमका वडिलांकडचा तेवढा तुकडा गळून गेलाय. त्यामुळे मेंदूत भुकेचं जे केंद्र आहे त्याला पोट भरल्याचा निरोप पोचत नाही. आपण जेवून उठतो तेव्हा तो पंगतीत बसायच्या आधी जसा असतो तसाच असतो. वर त्याचे स्नायू कच्चे, अंग कमी जाळतं, म्हणून इतर मुलांपेक्षा कमी अन्नातही त्याचं वजन वाढतं.

"म्हणजे कायम भूक लागल्याली?" आईनं विचारलं.

"कायम," डॉक्टर म्हणाले.

आई म्हणाली, "आन मी त्याला हावरा म्हणत हुतो." आमच्याकडच्या बायका 'होतो', 'जातो'च म्हणतात, डॉक्टर पुण्याचे होते, ते क्षणभर गोंधळले. मी मात्र आईचा हात धरला.

आप्पा त्या खोडलेल्या रेघेकडं बघत होते. "ह्यो माझ्याकडचा तुकडा?"

"हो, पण ह्यात तुमची काही चूक नाही. बीज तयार होताना कधी कधी असा तुकडा गळतो, ते कुणाच्याच हातात नसतं. तुम्हाला काही आजार नाही."

"कळलं," आप्पा म्हणाले आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

उपाय विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, औषध नाही. मोजून, ठरल्या वेळी खायला द्यायचं आणि बाकीचं अन्न कुलपात ठेवायचं. नाही तर साखर होईल, झोपेत श्वास अडकेल, किंवा एखाद्या दिवशी तो एवढं खाईल की पोट फुटायची वेळ येईल. त्याला वांतीसुद्धा सहज होत नाही, हे लक्षात ठेवा. "ह्याचं आयुष्य तुमच्या स्वयंपाकघराच्या दारावर अवलंबून आहे," असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

घरी आलो तर अव्वा सोप्यातच बसली होती. काय झालं विचारायच्या आत तिनं कोडोलीचं नाव काढलं. आप्पा चपला काढायचे थांबले. "अव्वा, कोडोलीचं नाव आजपासनं ह्या घरात न्हाय काढायचं. तिच्याकडनं आल्यालं समदं हाय. माझ्याकडनंच कमी पडलंय." आप्पा अव्वापुढं असं कधी बोलले नव्हते. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती म्हणाली, "आसं काय बोलताय? तुमी काय मुद्दाम राखून ठेवलं व्हय? त्याचं डोळं तुमचंच हाईत की." मग तांब्या आप्पांच्या हातात देऊन ती आत गेली. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

फडताळाला, पिठाच्या डब्याच्या कोनाड्याला आणि पुढं घेतलेल्या फ्रिजला आप्पांनी स्वतः कड्या ठोकल्या. किल्ल्या आईच्या मंगळसूत्रात. पण आमचं एकच घर कुलपात जाऊन काय होणार? गल्ली उघडीच होती. आईनं प्रत्येकीला समजावलं. बायका "व्हय व्हय" म्हणायच्या आणि तिची पाठ वळली की त्याच्या हातावर लाडू ठेवायच्या. भुकेल्या पोराला नाही म्हणायचं, हे आमच्या गल्लीला येतच नव्हतं. वजन वाढतच राहिलं.

मग संक्रांत आली. आईनं हळदीकुंकू ठेवलं. दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकची चाळणी, साबणाची डबी असलं काहीतरी देतात तसं देणार असेल म्हणून मी तिच्याबरोबर बाजारात गेले, तर ती लोखंडी सामानाच्या दुकानात शिरली आणि तीस कुलपं मागितली. दुकानदारानं डोळे मोठे केले. "वैनी, लॉज काढताय काय?" आई हसली नाही. "लहान असू द्या, पण पक्की," एवढंच म्हणाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सवाष्णींना सणाच्या दिवशी कुलूप? मी रस्ताभर तिच्याशी भांडले.

बायका आल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. आई मधोमध उभी राहिली. आमची आई चार माणसांत तोंड उघडणाऱ्यांतली नव्हे. "ह्या वर्षी माझं वाण वायलं हाय," ती म्हणाली. "म्या एकटीनं कुलूप लावून माझं लेकरू जगत न्हाय. तुमी समद्यांनी लावा. त्यो तुमच्या दारात रडंल, पाया पडंल, मला आई जेवाय घालत न्हाय म्हणंल. तरी उघडू नगा. माझं नाव वाईट झालं तर हुंदे." मग एकेकीच्या ओटीत तिनं कुलूप घातलं.

समोरच्या काकू सगळ्यात आधी उठल्या. त्यांना मूल नव्हतं आणि माझा भाऊ रोज दुपारी त्यांच्याकडं तूपगूळ लावलेली चपाती खायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी कुलूप सतरंजीवर ठेवलं. "सणादिवशी लेकराला उपाशी मारायचं वाण दितीस व्हय गं? मला न्हाय जमायचं," म्हणाल्या आणि गेल्या. आई ते कुलूप उचलून आत ठेवून आली. मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठी रडूही आलं.

पंधरा दिवसही गेले नसतील. काकू दुपारी देवळात गेल्या आणि भाऊ त्यांच्या परसदारानं आत शिरला. त्या परतल्या तेव्हा तो स्वयंपाकघरात जमिनीवर होता, पोट नगाऱ्यासारखं ताठ, श्वास घेता येत नव्हता, आणि हात अजून तांदळाच्या पिठाच्या डब्यात होता. तीन दिवस तो दवाखान्यात नळ्या लावून होता. काकू बाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत, कुणी चहा दिला तर तोंड फिरवायच्या. तो वाचला. घरी आणल्यावर त्या आमच्या दारात आल्या, आत येईनात. तिथूनच पदर पसरला आणि म्हणाल्या, "माझं वाण दे गं बाई." आईनं त्यांना हाताला धरून आत आणलं, हळदीकुंकू पुन्हा लावलं आणि कुलूप त्यांच्या ओटीत घातलं.

त्यानंतर आमची गल्ली जगावेगळी झाली. पाहुणे आले की विचारायचे, इथं चोऱ्या फार होतात का? बायका दारात बसून भाजी निवडायच्या त्या आता आत बसून निवडायच्या. कुणाकडं बारसं असलं तरी जेवण दार लावून. आणि माझा भाऊ, ज्याचं पोट कधी भरत नव्हतं, तो हळूहळू शांत झाला. वजन थांबलं, मग थोडं उतरलं. त्याला तुकडे जुळवायचा नाद लागला. जुन्या कॅलेंडरचं चित्र मी कात्रीनं वेडंवाकडं कापून द्यायची आणि तो ते उलट्या बाजूनं, नुसत्या कडा बघूनसुद्धा जुळवायचा. पुढं काही वर्षांनी डॉक्टर म्हणाले की पोटात तयार होणारं भुकेचं एक संप्रेरक अशा मुलांच्या रक्तात फार असतं, असं आता सापडलंय. आईनं विचारलं, त्यावर औषध निघालं काय? अजून नाही, म्हणाले. आई बरं म्हणाली आणि घरी येऊन किल्ली फिरवून त्याच्या दुपारच्या दोन फुलक्यांची कणीक काढायला लागली.

आता माझी गोष्ट. एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेली, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वाचून दाखवलेली मी. लग्न होऊन पेठ वडगावला गेले आणि माहेर लांबून बघायला लागल्यावर मला त्याची दया यायला लागली. सासरी पुरणाचा घाट घातला की घास उतरायचा नाही. म्हणून मी येताना पदरात लपवून पोळीचा एक तुकडा आणायची. एकच, तोही चतकोर. चतकोरानं काय होतंय? आई अंघोळीला गेली की परसात त्याच्या हातावर ठेवायची. तो डोळे मिटून खायचा आणि मला वाटायचं, ह्या घरात त्याच्यावर माया करणारी मी एकटीच. दर पंधरवड्याला मी हे करत होते आणि वर्षभर कुणाला पत्ता नव्हता.

आई फोनवर सांगायची की हल्ली पोरगा बिघडलाय. खिडकीतून हलत नाही, चित्रं जुळवत नाही, कुणी गल्लीत शिरलं की धावत सुटतो, हाताची कातडी ओरबाडून रक्त काढतो. डॉक्टरांनाही कळेना. मीही फोनवर हळहळायची.

त्या वेळी मी गेले तर तो बोळाच्या तोंडाशीच उभा होता. चौदा वर्षांचा, उंचीनं माझ्या खांद्याएवढा, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. मी त्याला परसात नेलं आणि पदराची गाठ सोडायला लागले. त्यानं माझ्या हातावर आपला तो लहानसा हात ठेवला. त्याला बोलायला वेळ लागायचा, एकेक शब्द शोधून काढायचा.

"अक्का," तो म्हणाला, "आई देत न्हाय, म्हणून मला खेळाय येतं. तू देतीस. मग मला रोज वाट बघाय लागती."

मी पोळी तशीच गुंडाळली. त्याची नजर पदरातल्या त्या गाठीवरून हलत नव्हती, तोंडाला पाणी सुटून हनुवटीवर आलं होतं, पण त्यानं हात पुढं केला नाही. मी त्याची हनुवटी पुसली, आत जाऊन आईला सगळं सांगितलं आणि तिच्या समोर ती पोळी गल्लीच्या कोपऱ्यावर गाईला घालून आले. आई मला रागावली नाही. त्या दिवसापासून मी माहेरी रिकाम्या हातानं जाते.